लिनक्सचा डिस्ट्रो ‘वापरायला सोपा’ म्हणजे नेमका कसा?

दुर्वा
नमस्कार मंडळी. एक निर्णय घ्यायचाय आणि त्याआधी डोक्यातला गुंता सोडवायचाय, म्हणून हा धागा.

बाबांचा लॅपटॉप जुना आहे पण धडधाकट आहे. ८ जीबी मेमरी, मध्यंतरी एसएसडी बसवून घेतलेली, बॅटरीही बरी टिकते. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या यंत्रात नाही. चालतं यंत्र अडगळीत टाकायला मन धजत नाही, म्हणून त्यावर लिनक्स टाकायचंय. बाबांची कामं ठरलेली: ईमेल, ब्राउझर, मराठी लेखन, फोटो, अधूनमधून प्रिंट. मी त्यांच्यापासून लांब राहते, त्यामुळे काही अडलं तर मदत फोनवरूनच.

रविवारी तीन डिस्ट्रो (लिनक्सची वापरायला तयार रूपं) पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिले. तिन्ही देखणे, आणि तिन्हींचा दावा एकच, नवशिक्यांसाठी सोपा. प्रत्येकी अर्धा तास घालवूनही मला त्यांच्यातला फरक सांगता येईना. म्हणजे एक तर सोपेपणा अर्ध्या तासात दिसत नाही, किंवा तो कुठे बघायचा हे मला कळत नाही. नावं सुचवाच, पण आधी निकष सांगा. तुम्ही कशावरून ठरवता?

खटपट्या
मिंट. सिनॅमन डेस्कटॉपवालं. पुढचा प्रश्न विचारा :)

दुर्वा
खटपट्या, विश्वास आहे हो तुमच्यावर :) पण ‘का’ ते कळलं तर पुढच्या वेळी माझं मला ठरवता येईल.

रात्रपाळी
चांगला प्रश्न. जरा मागे जाऊन उत्तर देतो.

‘सोपा’ या शब्दाचा अर्थ माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेलाय. १९९८ मध्ये मॅन्ड्रेक हा डिस्ट्रो आला तेव्हा सोपा म्हणजे केडीईसकट (खिडक्या, मेनू, पट्टी देणारा भाग) तयार डेस्कटॉप मिळणं. त्यानंतर नॉपिक्स आला. अख्खी सिस्टिम सीडीवरून चालायची, हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. दुर्वा, तुम्ही रविवारी जे केलंत त्याची सवय लोकांना लावली ती नॉपिक्सने. मग ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू ४.१० आला. एका सीडीत मावणारा, एका कामाला एकच अ‍ॅप, आणि सीडी टपालाने घरी फुकट यायची. त्या काळात साउंड कार्ड पहिल्याच फटक्यात वाजलं की आम्ही रात्री उठून एकमेकांना सांगायचो.

आज हे सगळं जवळपास प्रत्येक डिस्ट्रो करतो, म्हणून तुम्हाला तिन्हींत फरक दिसला नाही. अर्ध्या तासाची परीक्षा सगळेच पास होतात. इन्स्टॉल एकदाच करायचं असतं, अपडेट मात्र यंत्र जिवंत असेपर्यंत येत राहतात. त्यातला एखादा कधीतरी काहीतरी मोडतो. त्या दिवशी, आजूबाजूला जाणकार कुणी नसताना, वापरणारा माणूस कालच्या चालत्या स्थितीला परत येऊ शकतो का? माझा निकष हा एकच. बाकी आयकॉन, रंग, मेनू हे आवडीनिवडीचे प्रश्न आहेत.

मिंटमध्ये यासाठी टाइमशिफ्ट हे सिस्टिमची आधीची स्थिती साठवून ठेवणारं साधन आधीपासून असतं आणि पहिल्यांदा सुरू झालं की स्वागताची खिडकीच तुम्हाला ते लावून घ्यायला सांगते. खटपट्यांच्या एका शब्दामागे हे कारण आहे असं मी धरतो.

खटपट्या
हेच कारण. मी लिहिलं असतं तर चार ओळींत संपवलं असतं इतकंच.

काजवा
रात्रपाळी, निम्मं पटलं. इन्स्टॉलचा प्रश्न सुटलाय हे मात्र मान्य नाही.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू होतं. इन्स्टॉलरने मध्येच एक पासवर्ड ठेवायला सांगितला. कशासाठी, तर एका ओळीत काहीतरी तांत्रिक. ठेवला. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि समोर निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, ‘मोक मॅनेजमेंट’साठी कोणतीही कळ दाबा, आणि खाली उलटी मोजणी १०, ९, ८... ती घाबरून माझ्याकडे बघतेय, मी फोनवर त्याचा अर्थ शोधतेय, तोवर मोजणी संपली. यंत्र पुढे गेलं, डेस्कटॉप आला, पण कार्डाचा ड्रायव्हर काही चढला नाही. तो पडदा पुन्हा दिसला नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला तेव्हा पुन्हा तोच पासवर्ड, तोच निळा पडदा. या वेळी कळीवर बोट ठेवूनच बसले होते. ‘एनरोल’ निवडलं, ‘कंटिन्यू’, पासवर्ड, रीबूट. झालं.

पडद्यामागचं कारण योग्यच आहे. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर यंत्राने विश्वास ठेवावा की नाही, हे मालकाने स्वतः कीबोर्डाशी बसून सांगायचं असतं. पण ज्याने हे कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी ती दहा सेकंदं म्हणजे भिंत आहे. इन्स्टॉलरने आधी एक चित्र दाखवून ‘आता असा निळा पडदा येईल, त्यात हे निवडा’ एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. सोपेपणा म्हणजे मला पुढचं पाऊल आधी कळणं.

दुर्वा, तुमच्या यंत्रात वेगळं कार्ड नसेल तर हे सगळं विसरून जा. मात्र लाइव्ह चालवताना नुसतं ब्राउझर उघडून बघू नका. झाकण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा, जागं होतं का बघा. हेडफोन लावून काढा. उजेड कमीजास्त करायच्या कळा, कॅमेरा, वायफाय एकदा तुटून परत जोडणं, आणि प्रिंटर. हे सगळं पेनड्राइव्हवरूनच तपासता येतं.

दुर्वा
झाकण बंद करून बघायचं सुचलंच नव्हतं! वेगळं कार्ड नाही. प्रिंटर बाबांकडे आहे, तिथे गेल्यावर तपासते.

आडवाटेने
प्रिंटरची आता तेवढी धास्ती नको. गेल्या काही वर्षांतला, वायफायवर चालणारा असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर न टाकताच ओळखला जातो. फोनवरून थेट प्रिंट देता येते ना, तीच पद्धत लिनक्समधली प्रिंटची यंत्रणा, कप्स, वापरते. प्रिंटर फार जुना असेल तर मात्र आधी तपासा.

निवांत
वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

मुक्तछंद
मला वाटतं आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतोय, की सोपा म्हणजे विंडोजसारखा दिसणारा. म्हणूनच नवशिक्याला डोळे झाकून सिनॅमन सुचवलं जातं. माझ्या मावशीने आयुष्यात संगणक वापरला नव्हता, फक्त टॅब्लेट. तिला मी ग्नोम हा डेस्कटॉप दिला. एक कळ दाबली की सगळ्या खिडक्या समोर, टंकायला लागलं की शोध सुरू. तिला दुसऱ्या दिवसापासून शिकवावं लागलं नाही. खिडकी लहान करायचं बटण ग्नोममध्ये मुळात दिसतच नाही, पण ते नाही हेही तिला कळलं नाही, कारण तिने ते कधी शोधलंच नव्हतं.

त्याउलट वीस वर्षं विंडोज वापरलेले माझे काका त्याच ग्नोमसमोर बसले आणि म्हणाले, ‘अरे, डेस्कटॉपवर ठेवलेल्या माझ्या फायली कुठे गेल्या?’ त्यांना मी फेडोरा या डिस्ट्रोवरच केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप लावून दिला. महिनाभर खूश. मग एकदा हात चुकून पॅनल बदलण्याच्या मोडमध्ये गेले आणि खालची पट्टीच पुसली. प्लाझ्मात सगळं बदलता येतं, हे त्याचं बळ आहेच, पण काकांच्या हातात तेच जोखमीचं ठरलं.

म्हणून डिस्ट्रोच्या आधी माणूस बघा. त्याच्या हाताला कशाची सवय आहे?

रात्रपाळी
मुक्तछंद, शंभर टक्के सहमत. २००८ मध्ये केडीई ४.० आला आणि २०११ मध्ये ग्नोम ३, दोन्ही वेळा लोक चिडले ते याचमुळे. नवं वाईट होतं म्हणून नव्हे, हातांना माहीत असलेल्या जागा एका रात्रीत हलल्या म्हणून. सिनॅमनचा जन्मच त्या ग्नोम ३ च्या नाराजीतून झालाय. दुर्वा, तुमच्या बाबांना विंडोजची सवय आहे, त्यामुळे त्यांच्यापुरता सिनॅमनचा सल्ला टिकतो.

श्रुती
या धाग्यावर ‘दिसतं कसं’ यावर बरंच झालं. मी दृष्टिहीन आहे, तेव्हा माझा निकष वेगळा. पेनड्राइव्ह लावल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत मला दुसऱ्या कुणाचे डोळे उसने मागावे लागतात का?

डेबियनच्या इन्स्टॉलरचा मेनू तयार झाला की यंत्र बीप देतं. त्यानंतर एस दाबून एंटर केलं की इन्स्टॉलर बोलायला लागतो. प्रत्येक पायरी ऐकू येते. मी एकटीने, रात्री, घरात सगळे झोपलेले असताना डेबियन इन्स्टॉल केलाय. तो बीप ऐकला तेव्हा मला काय वाटलं ते शब्दांत मांडता येणार नाही. ज्याला सगळे ‘नवशिक्यांसाठी नाही’ म्हणतात तो डिस्ट्रो मला दार उघडून आत घेत होता. ग्नोममध्ये सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ), ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारा ओर्का वाचक सुरू होतो, हे लाइव्ह चालवतानाही चालतं.

याउलट दिसायला अतिशय सुंदर, ‘कुणालाही जमेल’ म्हणणारे काही इन्स्टॉलर असे आहेत की त्यांच्या बटणांना नावंच दिलेली नाहीत. ओर्का नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो. त्यातलं एक बटण डिस्क पुसायचं असतं.

दुर्वा, बाबांचं वय वाढतंय. आज त्यांना ओर्काची गरज नसेल, पण मोठी अक्षरं, ठळक कर्सर या गोष्टी किती पायऱ्यांत सापडतात ते आत्ताच बघून ठेवा.

दुर्वा
श्रुती, मनापासून आभार. हा निकष माझ्या यादीत नव्हताच. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अक्षरांचा आकार हा खरंच रोजचा प्रश्न आहे.

खटपट्या
श्रुती यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. दुर्वा, सिनॅमनमध्ये फाँटच्या सेटिंगमध्ये अक्षरं किती पट मोठी हवीत त्याचा एकच आकडा आहे. १.२ करून बघा, सगळीकडे लागू होतो.

टंकक
मराठी लेखनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी दिवसभर मराठी टंकतो.

देवनागरी दिसणं हा प्रश्न केव्हाच मिटलाय. लोहित किंवा नोटो फाँट असतात, जोडाक्षरं नीट येतात. लिहिण्याचं सांगायचं तर दोन रस्ते आहेत. एक, कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडणं. दुसरा, आयबस हे भाषा बदलायचं साधन आणि त्यासोबत एम१७एन हा टंकनपद्धतींचा संच, म्हणजे इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण लेआउटपासून रोमन अक्षरांवरून उमटणाऱ्या पद्धतींपर्यंत सगळं मिळतं. हे जोडल्यावर एकदा लॉग आउट करून परत यावं लागतं. हे कुठे लिहिलेलं नसतं आणि लोक ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

आता माझा एक अनुभव. वडील मराठीत लिहीत होते, उठून गेले, पडदा आपोआप कुलूपबंद झाला. परत आले, पासवर्ड टाकला, चुकीचा. पुन्हा टाकला, चुकीचा. पासवर्डात ठिपकेच दिसतात, त्यामुळे कीबोर्ड अजून मराठीत आहे हे कळायला मार्ग नाही. तासभर ते पासवर्ड विसरलो म्हणून स्वतःला दोष देत बसले होते. कोपऱ्यात भाषेची बारीक खूण होती, पण सत्तरीतल्या माणसाचं लक्ष तिथे जाणार कसं? ज्या डिस्ट्रोच्या कुलूप-पडद्यावर भाषा ठळक दिसते आणि एका क्लिकमध्ये बदलते, तो माझ्या लेखी सोपा. तपासायला पाच मिनिटं लागतात: मराठीत असताना पडदा कुलूपबंद करा आणि परत आत यायचा प्रयत्न करा.

काजवा
टंकक +१. मी आत्ता माझ्या यंत्रावर करून पाहिलं. अडकलेच.

आडवाटेने
अ‍ॅप कुठून येतात हाही निकष घ्या. आता एकच अ‍ॅप तीन वाटांनी येतं. डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून, फ्लॅटपॅक म्हणून, किंवा स्नॅप म्हणून (दोन्ही वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारी तयार पुडकी). नवशिक्याने शोधलं की एकाच नावाच्या दोन नोंदी. फरक काय? एकीला यंत्रातल्या फायली मोकळेपणाने दिसतात, दुसरी सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणात, बंद. सुरक्षेसाठी ते चांगलंच. पण माझ्या आईने एका अ‍ॅपमधून पेनड्राइव्हवरचे फोटो उघडायचा प्रयत्न केला, तर पेनड्राइव्ह यादीतच नाही. तिला वाटलं पेनड्राइव्ह बिघडला. प्रत्यक्षात त्या अ‍ॅपला परवानगी नव्हती, आणि ‘परवानगी नाही’ असं कुठेही लिहून येत नव्हतं.

उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्ससुद्धा स्नॅप म्हणून येतो. मिंटने २०२० पासून स्नॅप आपणहून बंद ठेवलंय, हवं तर तुम्ही सुरू करायचं. दोन्ही बाजूंना आपापली कारणं आहेत. मला एवढंच म्हणायचंय की डिस्ट्रोने एक वाट निवडून ती नीट झाडून ठेवावी.

निवांत
२०२१ चा तो प्रसिद्ध प्रकार आठवला. एका लोकप्रिय तंत्रज्ञान चॅनेलवाल्याने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. आधी अ‍ॅपच्या दुकानातून प्रयत्न केला, तो फसला. मग टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीतून, केलं. पॅकेजांच्या जुळणीत चूक असल्यामुळे एपीटीने, म्हणजे पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने, सांगितलं की यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल, आणि खात्री असेल तर ‘हो, मी सांगतो तसं कर’ या अर्थाचं पूर्ण वाक्य टंका. त्याने टंकलं. डेस्कटॉप गेला.

तेव्हा बरेच जण म्हणाले, इशारा वाचला नाही, त्याची चूक. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्याने फक्त एक गेमचं अ‍ॅप मागितलं त्याला ‘तुझं घर पाडू का’ असा प्रश्न यायलाच नको होता. चांगली गोष्ट ही की पुढे एपीटीमध्येच बदल झाला, इतक्या सहजासहजी आता डेस्कटॉप पुसता येत नाही.

रात्रपाळी
निवांत, नेमकं बोललात. इशाऱ्यांची भाषा हाच खरा सोपेपणा. तीस पॅकेजांची यादी वाचून त्यातलं ‘डेस्कटॉप’ हे एक नाव धोक्याचं आहे हे फक्त माहीतगाराला कळतं.

मुक्तछंद
यावरून: टर्मिनल लागलं की डिस्ट्रो अवघड, असं मानायचं का?

खटपट्या
हो. बाबांना टर्मिनल उघडावं लागलं तर आपण हरलो.

काजवा
असहमत, खटपट्या. फोनवरून मदत करून बघा. ‘डावीकडे चाकासारखं काही दिसतंय का?’ ‘नाही, इथे घर आहे.’ ‘वर?’ ‘वर तीन रेघा आहेत.’ असे वीस मिनिटं जातात. त्याऐवजी मी एक ओळ संदेशातून पाठवते, आई ती चिकटवते, आणि जे उमटतं त्याचा फोटो मला परत पाठवते. दोन मिनिटांत निदान. चित्रं प्रत्येक आवृत्तीत हलतात, ओळी हलत नाहीत. टर्मिनल लागणं वाईट, पण टर्मिनल हाताशी असणं फार चांगलं.

रात्रपाळी
दोघंही बरोबर आहात. रोजच्या कामाला लागू नये, दुरुस्तीला उपलब्ध असावं. मात्र आई-बाबांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवायची: आपल्या माणसाने पाठवलेलीच ओळ चिकटवायची, इंटरनेटवर सापडलेली नाही.

अनामवाटसरू
मध्येच विचारतो, क्षमस्व. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय. विंडोजमध्ये गेलो की घड्याळ काही तास चुकलेलं असतं. बॅटरी गेली का?

खटपट्या
बॅटरी ठणठणीत आहे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहितं, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवायची. लिनक्सला ‘स्थानिक वेळ वापर’ सांगणारी एक ओळ आहे, निरोपातून पाठवतो. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून नुसतं वाचता येईल, त्यावर लिहिता येणार नाही.

अनामवाटसरू
दोन्ही केलं. दोन्ही प्रश्न मिटले. दुसरा प्रश्न तर मी विचारलाही नव्हता. धन्यवाद!

प्रवाही
मी आर्चवाला (अवघड समजला जाणारा डिस्ट्रो), त्यामुळे इथे बोलायला कचरत होतो. पण एक उदाहरण देतो. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक, हातात धरून गेम खेळायचं यंत्र, आर्चवर उभं आहे, डेस्कटॉप प्लाझ्मा. लहान मुलं ते वापरतात आणि खाली आर्च आहे हे त्यांना माहीतही नसतं. का जमलं? सिस्टिमचा भाग नुसता वाचण्यापुरता ठेवलाय, तिच्या दोन प्रती असतात, नवा अपडेट दुसऱ्या प्रतीत उतरतो, बिघडला तर पहिली आहेच. फेडोरा सिल्व्हरब्लूची रीत वेगळी, पण तिथेही अपडेट फसला तर सुरू होताना मेनूतून कालची सिस्टिम निवडायची. रात्रपाळींनी सांगितलेला निकष यांनी पायातच बांधून टाकलाय.

म्हणजे ‘आर्च अवघड, डेबियन अवघड’ हे खोडलंच पाहिजे. त्या पायावर कुणी किती जबाबदारी घेतली हे बघा.

रात्रपाळी
प्रवाही, कचरू नका, असेच लिहीत राहा. डेबियनचंच बघा: पूर्वी वायफायचं फर्मवेअर (उपकरण चालायला त्यात भरावं लागणारं सॉफ्टवेअर) वेगळं आणून द्यावं लागायचं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच यायला लागलं. तत्त्वाला धरून असलेल्या मंडळींनी वापरणाऱ्यासाठी एवढं पुढे येणं मला फार मोठं वाटतं.

दुर्वा, आयुष्यमानही बघा. फेडोराची एक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते, मग पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळायची आवृत्ती, पाच वर्षं. मिंट २२ त्याच पायावर आहे, म्हणून २०२९ पर्यंत. लांब राहणाऱ्या मुलीसाठी हा फरक मोठा आहे.

दुर्वा
तीन आठवड्यांनी परत आले. अहवाल देणं माझं कर्तव्य आहे.

मिंट सिनॅमनच टाकलं (खटपट्या, तुमचा एक शब्द जिंकला). पण टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून सगळं तपासलं. झाकणाची परीक्षा पास. प्रिंटर आपोआप सापडला. अक्षरं १.२ केली तेव्हा बाबा म्हणाले, ‘आधी का नाही केलंस हे?’ कुलूप-पडद्याची परीक्षा बाबांनाच करायला लावली, भाषा कुठे बदलते ते त्यांनी स्वतः शोधलं आणि वहीत लिहून ठेवलं.

मग रात्रपाळींचा निकष. टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घेतला, आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घोळ घातला. तीन-चार अ‍ॅप काढून टाकले, त्यात बाबांचं फोटोंचं अ‍ॅपही. मग दुसऱ्या खोलीत जाऊन त्यांना फोन केला आणि फक्त एवढंच सांगितलं, ‘बाबा, कालचं परत आणा.’ मेनू, टाइमशिफ्ट, पासवर्ड, कालची तारीख, रिस्टोअर. मध्ये एकदा काळ्या पडद्यावर ओळी धावल्या तेव्हा ते थांबले, मी म्हटलं असू दे, होतंय. यंत्र पुन्हा सुरू झालं, फोटोंचं अ‍ॅप जागेवर. वय ६८. दार उघडून बाहेर आले ते हसतच.

रात्रपाळी
वा! दिवस सार्थकी लागला. एक पुस्ती जोडतो: टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, बाबांच्या स्वतःच्या फायली त्यात मुळात नसतात. म्हणून रिस्टोअर केल्यावर त्यांचं लेखन मागे जात नाही हे चांगलं, पण डिस्कच गेली तर लेखनही गेलं. त्याची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

दुर्वा
हे महत्त्वाचं सांगितलंत. रविवारी करते. एक गोष्ट मात्र अडली आहे. बाबा पूर्वी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचे, ते साधन इथे चालत नाही. त्यांनी हट्टाने इनस्क्रिप्ट शिकायला घेतलंय. पुढचा प्रश्न त्यांनाच विचारायचाय, त्यांनी इथे खातं उघडलंय.

दुर्वाचेबाबा
सर्वांना नमस्कार. आपण सगळ्यांनी माझ्यासाठी एवढा विचार केलात, वाचून भरून आलं. मला एक अडचण आहे. इनस्क्रिप्टमध्ये र, मग पायमोड, मग य असं दाबलं की दुसर्या असं उमटतं. रफार वर जातो. मला तो आडवा, पापणीसारखा र हवा आहे.

टंकक
काका, नमस्कार. साध्या र ऐवजी शिफ्ट धरून तीच कळ दाबा, म्हणजे जे ची. नुक्ता असलेला ऱ येईल. मग पायमोडीसाठी डी आणि य साठी तिरक्या रेघेची कळ. शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ.

दुर्वाचेबाबा
दुसऱ्या. तिसऱ्या. पायऱ्या. वाऱ्यावर. आलं!